कारभाऱ्याची वही: तारवटी, हंगामी आणि पगारी घरांचा ख्रिस्ती हिशोब

हिशोबवही
आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत पैशाविषयी बहुतेक दोनच गोष्टी कानावर पडतात. एक, द्रव्याचा लोभ वाईट. दुसरी, रविवारी पेटीत काहीतरी टाकावं. मधला अख्खा महिना तसाच मोकळा सुटतो. बायबल मात्र त्या मधल्या महिन्याबद्दलच जास्त बोलतं. पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं, असं स्तोत्र २४ सांगतं. म्हणजे आपण मालक नव्हे, कारभारी. आणि लूक १६ मधला मालक कारभाऱ्याला बोलावतो तेव्हा आधी हिशोब मागतो. तो हिशोब गोव्यातल्या घरात प्रत्यक्ष कसा ठेवायचा, एवढ्यासाठी हा धागा.

तारवट्याच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्याच्या घरापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सगळ्यात महाग पडते. आठ महिन्यांचं कंत्राट आहे, महिन्याला ६०,००० घरी येतात आणि मग चार महिने बिनपगारी सुट्टी, असं धरू. बहुतेक घरं "उत्पन्न ६०,०००" धरून चालतात. ते खरं नाही. वर्षाचे ४,८०,००० आणि महिने बारा, म्हणजे उत्पन्न ४०,०००. त्यातही पुढचं बोलावणं वेळेवर येईलच असं नाही. वैद्यकीय तपासणी, व्हिसा, कंपनीचा फोन, यांत दोन महिने सहज जातात. म्हणून मी भागाकार १४ ने करायला सांगतो: सुमारे ३४,०००. बोलावणं वेळेवर आलं तर उरलेले पैसे पुढच्या खेपेला राहतात.

यासाठी बँकेत दोन खाती लागतात. पैसे येतात ते कोठार आणि दुसरं घरखर्चाचं. दर १ तारखेला कोठारातून घरखर्चात ३४,००० आपोआप जातील अशी कायमची सूचना बँकेला देऊन ठेवायची. कोठाराचं कार्ड खिशात ठेवायचं नाही, आणि त्या खात्याला फोनवरून पैसे देण्याची सोयही जोडायची नाही. ही व्यवस्था मोडते ती सुट्टीच्या पहिल्या तीन आठवड्यांत. पाहुणे, भेटवस्तू, अडलेली दुरुस्ती, नवी गाडी, सगळं तेव्हाच निघतं. म्हणून सुट्टीच्या खर्चाचा आकडा माणूस बोटीवर असतानाच ठरवून कागदावर घ्यावा.

खाडीकाठ
हिशोबवही बाबांचं गणित ठराविक कंत्राटाला बसतं. पण ज्यांचा आकडाच ठरलेला नसतो त्यांचं काय? ट्रॉलरवाले, शॅकवाले (किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं चालवणारे), टॅक्सीवाले, पाहुण्यांना खोल्या देणारे. मासेमारी १ जून ते ३१ जुलै कायद्यानेच बंद. पर्यटनाचा जोर ऑक्टोबर ते मे. अशा घराने सरासरी काढू नये. मागच्या तीन वर्षांतलं सगळ्यात पडतं वर्ष घ्यावं, त्याच्या बेरजेला बाराने भागावं आणि घर तेवढ्यात चालवावं.

योसेफाने फारोला सुगीच्या वर्षांत पाचवा हिस्सा साठवायला सांगितला, उत्पत्ती ४१. हा पाचवा हिस्सा पुष्कळ जण जसाच्या तसा उचलतात, पण आधी गणित करून पाहा. आठ महिन्यांत दरमहा १०० मिळाले आणि २० ठेवले तर १६० साठतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांना वाटले तर महिन्याला ४० येतात. म्हणजे हंगामात ८० खर्च करणाऱ्या घराला पावसात बरोबर अर्ध्यावर यावं लागतं. ते जमणार नसेल तर पाचवा नव्हे, तिसरा हिस्सा ठेवावा लागतो: आठ महिने ३३ ठेवले की बारा महिने ६६ च्या आसपास सपाट मिळतात. दोन्ही चालतं. फक्त कोणतं करतोय ते मार्चमध्ये ठरलेलं असावं, जुलैत नको.

साठवलेला पैसा एकाच मोठ्या ठेवीत घालू नका. १,००,००० असतील तर २५,००० च्या चार ठेवी करा आणि मुदती मे, जून, जुलै, ऑगस्टमध्ये पडतील अशा बसवा. मेमधली पहिली, कारण कौलं परतणं, पन्हळ, छताची ताडपत्री हे सगळं पाऊस पडायच्या आधीच करावं लागतं. एक ठेव मुदतीपूर्वी मोडली तर अर्धा-एक टक्का व्याज कापलं जातं, ते एका तुकड्यावरच कापलं जावं. आणि पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: ठेव विम्याचं ५ लाखांचं संरक्षण बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्थेला ते नाही. पाव-अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून पावसाळ्याचं सगळं धान्य तिथे ओतू नका.

दोन_नाणी
दशांशावर लिहिते, कारण या एका शब्दावरून घराघरांत वाद होतात.

जुन्या करारात दशांश एकच नव्हता. गणना १८ मध्ये उपासनेची सेवा करणाऱ्या लेव्यांचा दशांश आहे. अनुवाद १४ मध्ये सणासाठी बाजूला काढायचा वेगळा, आणि त्याच अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. म्हणून १० टक्के दिले की झालं, असं त्या शास्त्रातूनही निघत नाही. कॅथलिक चर्चने टक्का ठरवलेला नाही. कॅनन लॉचं (चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं) कलम २२२ एवढंच सांगतं की चर्चच्या गरजांना हातभार लावणं आणि आपल्या मिळकतीतून गरिबांना मदत करणं श्रद्धावंतांवर बंधनकारक आहे. प्रोटेस्टंट आणि नव्या मंडळ्यांत बहुधा १० टक्के धरतात. पौलाने २ करिंथ ९ मध्ये कसं द्यावं ते सांगितलं: मनात ठरवून, कुरकुर न करता. आणि १ करिंथ १६:२ हे मला सगळ्यात कामाचं वचन वाटतं. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे थोडं बाजूला काढून ठेवा, मी आल्यावर वर्गणी गोळा करू नका.

म्हणजे देणं हा महिनाअखेरच्या शिल्लकीचा प्रश्नच नाही. आधी काढायचं. ३४,००० वर चालणाऱ्या घराने १० टक्के ठरवले तर १ तारखेला ३,४०० वेगळ्या पाकिटात किंवा तिसऱ्या खात्यात जातात. त्यातले किती इगर्जेला (चर्चला), किती गरिबांना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट दी पॉल संस्थेच्या गावातल्या शाखेला, किती शेजारच्या आजारी माणसाला, हे नंतर ठरवता येतं. पण ते पैसे आता घरखर्चाचे नाहीत.

कर्जात बुडालेल्या घरांना मी १० टक्के सांगत नाही. सावकाराचे हप्ते थकवून पेटीत मोठी नोट टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दान करणं. २ टक्क्यांनी सुरू करा, एक कर्ज फिटलं की एक टक्का वाढवा. विधवेने जवळची होती नव्हती ती दोन नाणी पेटीत टाकली, ही गोष्ट सांगून गरिबाकडून जास्त काढून घेणारे आहेत. लूक २१ मध्ये ती गोष्ट येते त्याच्या अगदी आधीच्या ओळींत येशूने विधवांची घरं गिळणाऱ्यांना फटकारलंय, ते कोणी वाचून दाखवत नाही.

वाडीवरचा
दशांश हातात येणाऱ्या पगारावर काढायचा की कापाकापीआधीच्या? आणि फेस्ताची (चर्चच्या संताच्या सणाची) वर्गणी, लादाईनीचा (घरी किंवा खुरसापाशी म्हणायच्या प्रार्थनेचा) खर्च यात धरायचा का?

दोन_नाणी
आयकर कापून उरलेल्यावर काढा, तो पैसा तुमच्या हाती कधी आलाच नाही. भविष्यनिर्वाह निधीची कपात मात्र त्यात पुन्हा जोडा, ती तुमचीच बचत आहे. पगार ५०,०००, निधी ४,०००, कर २,००० असेल तर ४८,००० वर. फेस्ताची वर्गणी धरायला हरकत नाही, ती उपासनेसाठी आहे. लादाईनीनंतरचे चणे, पेय आणि जेवण हा पाहुणचार, तो घरखर्चात लिहा.

फाब्रिकची चावी
पैसे घेणाऱ्या बाजूचंही थोडं सांगतो.

देणगी दिली की पावती मागा. विगारांवर (चर्चच्या मुख्य पाद्रींवर) अविश्वास म्हणून नव्हे, तर फाब्रिकच्या (चर्चचा पैसा आणि मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाच्या) वहीत आणि तुमच्या वहीत एकच आकडा असावा म्हणून. कॅनन लॉच्या कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशला (एका चर्चच्या धर्मग्रामाला) वित्त समिती असावी लागते, तेव्हा हिशोब विचारायला योग्य जागा आहे. पेटीतल्या पैशांची पावती निघत नाही, म्हणून मोठी रक्कम पेटीत न टाकता धनादेशाने किंवा खात्यावर द्या. कशासाठी दिली ते मागे लिहा: छप्पर, गरिबांचा निधी, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना). एकदा उद्देश लिहिला की तो पैसा दुसरीकडे वळवणं चुकीचं ठरतं.

करसवलतीबद्दल गैरसमज फार. एका विशिष्ट धर्मसमुदायासाठी चालणाऱ्या संस्थेला दिलेली देणगी ८०जी (१९६१ च्या आयकर कायद्यातलं देणगीच्या सवलतीचं कलम) खाली साधारणपणे येत नाही. अपवाद दोन. सरकारने ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची म्हणून अधिसूचित केलेल्या पूजास्थानाची दुरुस्ती, आणि सर्वांसाठी काम करणारी, ८०जी ची नोंदणी असलेली धर्मादाय संस्था. तिच्याकडून नुसती पावती पुरत नाही, १०बीई हे प्रमाणपत्र लागतं. २,००० च्या वरची रोख देणगी सवलतीला चालत नाही. आणि नवी करपद्धती निवडली असेल तर ही वजावटच नाही. तेव्हा सवलत मिळेल या हिशोबाने देणगीचा आकडा ठरवू नका.

आता फेस्ताचं प्रेजिदेंतपण, म्हणजे त्या वर्षीच्या फेस्ताचा यजमान होणं. नाव आधी कळतं, काही गावांत तर पाळी कित्येक वर्षं आधी ठरलेली असते, तरी पैसे उभे करतात ते शेवटच्या दोन महिन्यांत, सोनं ठेवून. लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो. तसं बसा. नोव्हेना (आधीच्या नऊ दिवसांची प्रार्थना), व्हेस्पर (आदल्या संध्याकाळची प्रार्थना), गायनाची मिस्सा, बँड, फुलं, दिव्यांची रोषणाई, शोभेची दारू, दुपारचं जेवण, प्रत्येकाची वेगळी ओळ लिहा. १,५०,००० चा अंदाज आणि हातात २४ महिने असतील तर दरमहा ६,२५० ची आवर्ती ठेव पुरते. व्याज वर मिळेल ते भाववाढीला. अंदाज आवाक्याबाहेर गेला तर आधी शोभेची दारू कापा, मग रोषणाई, मग जेवणाची माणसं. उपासनेला हात लावावा लागत नाही. तरीही झेपत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून प्रेजिदेंतपण घ्यायची विगारांना विनंती करा. कर्ज काढून केलेल्या फेस्ताने संताचा मान वाढत नाही.

लग्नालाही हेच. तिथे खर्च माणसांवर चालतो. ५०० जणांची यादी आणि माणशी १,००० धरले तर सभागृह, बँड, रोसाचा (लग्नाआधीच्या नारळरसाच्या विधीचा) दिवस हे सोडून ५ लाख होतात. यादीतली १०० नावं कमी झाली की १ लाख वाचतो. केक लहान केल्याने एवढं वाचत नाही.

जामीन_नको
कर्जाबद्दल नीतिसूत्रे २२:७ एका वाक्यात सांगतं, कर्ज घेणारा देणाऱ्याचा दास होतो. पाप म्हटलेलं नाही, दास म्हटलंय. म्हणून कर्जाची वही उघडताना "एकूण किती" याआधी "महिन्याचे किती दिवस मी या कर्जासाठी राबतो" हे काढा. ४०,००० मिळकत आणि १६,००० हप्ते म्हणजे तीस दिवसांतले बारा.

व्याजाचा दर कसा सांगितला जातो तिकडे लक्ष द्या. "१२ टक्के सरळ" आणि "१२ टक्के घटत्या शिलकीवर" यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. १ लाख, दोन वर्षं, १२ टक्के सरळ व्याज: २४,००० व्याज, हप्ता ५,१६७. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतं आणि व्याज मात्र पूर्ण १ लाखावरच लागलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. दुकानातून वस्तू हप्त्याने घेताना, खासगी वित्तसंस्थेकडून दुचाकी घेताना हाच खेळ असतो. विचारायचा प्रश्न एकच: घटत्या शिलकीवर वार्षिक दर किती, लिहून द्या.

क्रेडिट कार्डाचं जवळून पाहू. ५०,००० थकलेत, दर महिना साडेतीन टक्के. व्याज १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. किमान रक्कम ५ टक्के धरली तर तुम्ही भरता २,५००. मुद्दलातून फिटले ४३५. तेवढ्यात कार्डावर ५०० चं पेट्रोल भरलंत तर कर्ज वाढलं. अशा वेळी कार्ड बंद ठेवून सोनेतारण किंवा बँकेचं वैयक्तिक कर्ज काढून कार्ड एका फटक्यात फेडणं शहाणपणाचं, पण त्याच दिवशी कार्ड कापायचं असेल तरच. नाहीतर सहा महिन्यांत दोन्ही कर्जं उभी राहतात. सोनेतारणात मुदतअखेरीस एकरकमी फेड घेऊ नका, दर महिन्याचा हप्ता मागा. एकरकमीत व्याज गुपचूप साचतं आणि लिलावाची नोटीस आल्यावर घर जागं होतं.

जास्त व्याजाचं आधी फेडावं की लहान कर्ज आधी, यावर माझं मत स्पष्ट आहे: जास्त व्याजाचं आधी. एकच अपवाद, नातेवाईकाकडून घेतलेले उसने. त्याचं व्याज शून्य असलं तरी रक्कम लहान असेल तर तेच पहिलं फेडा. रोम १३:८ म्हणतं, एकमेकांवरच्या प्रेमाशिवाय कोणाचं देणं ठेवू नका. उसने थकले की आधी प्रेमच आटतं.

आता जामीन. सहकारी संस्था दोन जामीनदार मागतात आणि आपल्याकडे "सही तर करायचीय" म्हणून सही होते. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८: वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. संस्था कर्जदाराला सोडून थेट तुमच्याकडे येऊ शकते. तुम्ही जामीन राहिलेलं कर्ज तुमच्या पतअहवालातही दिसतं आणि तुमच्या गृहकर्जाच्या वेळी आडवं येतं. नीतिसूत्रे ६ तर म्हणतं, जामीन राहिला असशील तर डोळ्याला झोप लागू देऊ नकोस, जा आणि सुटका करून घे. मित्राला नाही म्हणणं जड जातं, हे खरं. तेव्हा २ लाखांच्या सहीऐवजी १०,००० परत न मागण्याच्या बोलीवर द्या आणि ते देवदानाच्या पाकिटातून द्या. त्याची गरजही भागते, तुमची रात्रही.

सासष्टीकर
व्याज घेणं मुळातच निषिद्ध नाही का? निर्गम २२, अनुवाद २३, सगळीकडे मनाई आहे. मग बँकेत ठेव ठेवून व्याज खाणारे आपण कोण?

हिशोबवही
मनाई कोणासाठी ते पाहा. निर्गम २२:२५ मध्ये तुझ्याजवळ राहणारा गरीब आहे, अनुवाद २३ मध्ये आपला भाऊबंद. अडचणीतल्या माणसाच्या गरजेवर नफा काढू नये, हा त्याचा गाभा. चर्चने तो शतकानुशतकं कडक धरला. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफनही नाकारलं. त्याच चर्चमध्ये पुढे फ्रान्सिस्कन साधूंनी इटलीत गरिबांसाठी तारणावर कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या, पेरुजियाची १४६२ ची. त्या कारभाराच्या खर्चापुरतं थोडं घेत. १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने ते मान्य केलं. आणि मत्तय २५ मध्ये मालक म्हणतो की माझा पैसा निदान सावकाराकडे ठेवायचास, व्याजासकट मिळाला असता.

म्हणून घरासाठी नियम असा. बँकेच्या ठेवीचं व्याज घ्या. भाऊ आजारपणासाठी मागतो तेव्हा व्याज नाही. भाऊ धंद्यासाठी मागतो तेव्हा व्याजाऐवजी भागी: तोटाही वाटून घ्यायचा. आणि तिन्हीकडे कागद. २०,००० किंवा त्याहून जास्त उसने रोखीने देऊ-घेऊ नका, आयकर कायद्यात दंड आहे. खात्यावरून द्या. वचनचिठ्ठीची मुदत तीन वर्षांची, त्याआधी नवी करून घ्या नाहीतर लेखी कबुली घ्या. चिठ्ठी ही दोघांच्या आठवणीची काळजी असते.

कोमुनियांव_घर
धाग्यात अजून कोणी नवरा-बायकोच्या कायद्याबद्दल लिहिलेलं नाही, आणि गोव्यात तोच सगळ्यात वेगळा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू आहे, काही अपवाद सोडता सर्व धर्मांना एकच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्तीची कोमुनियांव होते: लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोघांचं मिळून एक, प्रत्येकाचा अर्धा वाटा. दोघं एक देह होतील, हे उत्पत्तीतलं वचन इथे थेट जमिनीच्या उताऱ्यापर्यंत पोचलंय. घर किंवा जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. जिथे नवऱ्याच्या ठेवी, विमा, उसने देणं-घेणं बायकोला माहीतच नसतं, तिथे निम्म्या मालकिणीलाच अंधारात ठेवलेलं असतं. कोठाराचं खातं दोघांच्या नावे, "कोणीही एक किंवा मागे राहील तो" अशा सूचनेवर काढा.

आयकरात याची तरतूद आहे: १९६१ च्या कायद्यात कलम ५अ. नव्या २०२५ च्या कायद्यातही ती आली आहे, फक्त क्रमांक बदलला. पगार ज्याचा त्याचा. घरभाडं, ठेवीचं व्याज, भांडवली नफा, धंद्याचा नफा मात्र दोघांत अर्धा-अर्धा. नवऱ्याच्या नावच्या ठेवींवर १,२०,००० व्याज आलं तर ६०,००० त्याने दाखवायचे, ६०,००० तिने, आणि कापलेला करही तसाच विभागायचा. विवरणपत्रात परिशिष्ट ५अ भरावं लागतं, त्यात जोडीदाराचा पॅन. अशी विभागणी असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो, धंदा असेल तर आयटीआर-३. इथे चुका तीन होतात. एकानेच पूर्ण व्याज दाखवणं, दोघांनी कापलेला पूर्ण कर मागणं, आणि बायको गृहिणी आहे म्हणून तिचं विवरणपत्रच न भरणं. तिसऱ्या चुकीने तिच्या वाट्याचा कापलेला कर परत मिळत नाही. कैसराचं ते कैसराला द्यायचं, तर योग्य तेवढंच आणि योग्य नावावर द्या. गोव्यात नुसते राहायला आलेल्यांना हा कायदा आपोआप लागू होत नाही. तुमचं कुठे बसतं ते वकिलाला विचारून मग भरा.

मृत्युपत्राचंही इथे वेगळं आहे. १,००,००,००० ची सामाईक मालमत्ता असेल तर ५० लाख जोडीदाराचेच. उरलेल्या ५० मधले २५ मुलांचे, ते कायद्याने राखीव. मृत्युपत्राने मनासारखे देता येतात ते शेवटचे २५ लाख, म्हणजे एकूणाचा चौथा भाग. इगर्जेला, अनाथाश्रमाला काही ठेवायचं तर त्या चौथ्या भागातूनच. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतला म्हणून सुटका नाही. गोव्याचा अधिवास असलेल्याच्या भारतातल्या सगळ्या मालमत्तेला हाच वारसा कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय.

वाडीवरचा
पण खात्याला भावाचं नाव नामनिर्देशित म्हणून घातलंय. मग पैसे त्याचेच ना?

कोमुनियांव_घर
नाहीत. नामनिर्देशित माणूस पैसे बँकेतून उचलतो आणि वारसांसाठी सांभाळतो, मालक होत नाही. लग्नाआधी आई किंवा भाऊ यांचं नाव घातलेलं असतं आणि ते तसंच राहतं, म्हणून लग्नानंतर पहिल्याच महिन्यात प्रत्येक खातं, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा तपासा. आता बँक खात्याला चार नावंही टक्केवारीने देता येतात. माणूस गेल्यावर गोव्यात विशेष नोटरीकडून वारसाचा दस्त किंवा न्यायालयात इन्व्हेंटरी (मालमत्तेची मोजदाद आणि वाटणी) करावी लागते, तेव्हा लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि सगळ्या खात्यांची यादी एकाच फायलीत असली तर महिने वाचतात. विम्याबद्दल इथेच: मुदत विमा घ्या, वार्षिक मिळकतीच्या दहा-बारा पट. बोटीच्या कंपनीचं संरक्षण कंत्राट संपलं की संपतं. १ तीमथ्य ५:८ घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला फार कडक शब्दांत बोलतं.

दोन_नाणी
एक ओळ सगळ्यांच्या वहीत राहून गेलीय: मजुरी. अनुवाद २४:१५ म्हणतं, गरीब मजुराचे पैसे त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. याकोब ५:४ मध्ये तर राखून ठेवलेली मजुरीच ओरडते. घरकामाची बाई, माळी, बागेतले नारळ पाडणारा, बांधकामावरचे बिहार-झारखंडचे मजूर. महिनेवारीवाल्यांचे पैसे १ तारखेला, देवदानाबरोबरच काढा. हप्ता आणि विजेचं बिल त्यानंतर. कामाची बाई सोडून जाऊ नये म्हणून महिन्याचा पगार अडकवून ठेवायची चाल आहे, ती बंद करा. दिवसावारी माणसाला "सुट्टे नाहीत, उद्या घे" असं म्हणावं लागू नये म्हणून शुक्रवारीच १०० आणि ५० च्या नोटा आणून ठेवा. नाताळचा बोनस हा हक्काचा समजून बाराव्या हिश्शाने आधीच साठवा: पगार ६,००० असेल आणि एक महिन्याचा बोनस द्यायचा असेल तर दरमहा ५००. शेत कापताना कडेचं कापू नका, ते गरिबांना राहू द्या, असं लेवीय १९ मध्ये आहे. भाजीवालीशी शेवटच्या पाच रुपयांसाठी घासाघीस करताना मला ती कड आठवते.

वाडीवरचा
सगळं पटतंय, पण वही चालत नाही. दहाव्या दिवशी बंद पडते. फोनवरून वीस-तीस रुपये दिवसात दहादा जातात, कोण लिहिणार?

हिशोबवही
ते लिहूच नका. फोन फक्त घरखर्चाच्या खात्याला जोडा, म्हणजे बँकेचा उताराच वही होतो. हाताने लिहायचं ते फक्त रोख: पोदेराचे पाव, मासळी, मजुरी, मुलांचा सुटा खर्च. पानावर चार रकाने पुरतात: तारीख, कशाला, गेले, डब्यात उरले. रोज रात्री डबा मोजायचा, दोन मिनिटं लागतात. वही आणि डबा जुळला नाही तर शोधत बसू नका, "लागत नाही" अशी ओळ घालून आकडा लिहा आणि पुढे चला. महिनाभरात या ओळीची बेरीज ५०० च्या आत असेल तर सोडून द्या. २,००० झाली तर कुठेतरी एक सवय लपली आहे, पुढच्या महिन्यात तेवढीच शोधा. दोन महिने ती बेरीज वाढत गेली तर बहुधा घरातल्या कोणाचं तरी उसने किंवा लॉटरी-मटका निघतो. तेव्हा आवाज न चढवता विचारायचं.

दोघांनी बसायचं महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्सेनंतर, जेवणाआधी. चार आकडे: कोठारात किती, देवदानाचं पाकीट कोणाला गेलं, कर्ज किती उतरलं, "लागत नाही" किती. अर्ध्या तासाच्या वर बसू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी बसत नाही. पान संपलं की खाली दोघांची सही. तो बोटीवर असेल तर पानाचा फोटो पाठवायचा, नेटवर्क मिळेल तेव्हा तो पाहील, आणि त्याचा "पाहिलं" असा निरोप आला की ती तारीख बायकोने त्याच्या सहीच्या जागी लिहायची.